नाही म्हटल्यानंतर

"मॅच तो बहुत अच्छा है, मैडम. भाई-बहन में भी हर बार ऐसा नहीं मिलता," डॉक्टर म्हणाले.

सुहासिनीवहिनीने तिथेच डोळे मिटून प्रभूचे उपकार मानले. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या विश्वासने बहिणीकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर खिडकीबाहेर नेली. कुमुद हसली. त्या क्षणी हसणं भाग होतं.

"भारी सामान कब तक नहीं उठाना होगा?" तिने विचारलं.

"तीन महीने तो कुछ भी नहीं. बाद में भी संभलकर."

"और मेरा बीपी?"

"बॉर्डरलाइन है. किडनी ले सकते हैं. आगे चलकर आपको दिक्कत होने का थोड़ा रिस्क है, वो मैं छिपाऊंगा नहीं. डिसीजन आपका है."

बाहेर कॉरिडॉरमध्ये दादा-वहिनी पुढे गेल्यावर दवाखान्यातली एक तरुण मुलगी कुमुदजवळ आली. दात्यांशी बोलण्याचं काम तिच्याकडे होतं. "मैडम, मन न हो तो मुझे बता दीजिए. हम घरवालों को बोल देंगे कि आप मेडिकली फिट नहीं हैं. किसी को पता नहीं चलेगा. बहुत लोग ऐसा करते हैं."

"सोचकर बताती हूं," कुमुद म्हणाली आणि लिफ्टकडे निघाली. वीणाजवळ बसलेल्या शेजारणीला चारपर्यंत मोकळं करायचं होतं.

वीणा कुमुदची एकुलती एक मुलगी. वय चोवीस. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय ताठर झाले आणि शब्द ओढून ओढून काढावे लागत. समज मात्र पूर्ण होती. द्वारकेच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये आणि पुन्हा खुर्चीत उचलून ठेवायचं काम आधी कुमुदचा नवरा श्याम करायचा. श्याम हृदयविकाराने गेला तेव्हापासून ते कुमुद करत होती. नंतर मेट्रो पकडून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी ऑफिसात जायचं. दिवसा एक बाई वीणाजवळ असे. ती कधी यायची, कधी गावाला जायची. एकटीने वीणाला उचलणं त्या बाईला जमत नव्हतं.

रविवारी आईने सगळ्यांना करोल बागेत जेवायला बोलावलं. आई, अहिल्याबाई, ऐंशीच्या पुढे गेली होती. वडील नगरहून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आले, त्यांच्यामागोमाग ती आली, आणि ते गेल्यावरही इथेच मुलाजवळ राहिली. जेवणाआधीची प्रार्थना तीच करायची. त्या दिवशी तिने प्रार्थनेत कुमुदचं नाव घेतलं. या लेकीच्या हातून तू माझ्या लेकराला जीवदान देतो आहेस, म्हणून तुझी स्तुती असो, असं ती म्हणाली. सगळे 'आमेन' म्हणाले. कुमुदही म्हणाली.

"आई, अजून काही पक्कं नाही," ती हळूच म्हणाली.

"पक्कं काय व्हायचंय? मॅच झालं ना?"

"वीणाचं बघायला हवं. आणि माझं बीपी..."

"वीणाला ठेवू की काही दिवस कुठेतरी. अशा मुलांसाठी सिस्टरांचं होम आहे ना तिकडे? ख्रिस्ताने आपल्यासाठी सगळं दिलं, कुमुद. तुला दोन आहेत, त्यातली एक मागतोय आपण."

विश्वास ताटात बघत होता. त्याचं तोंड सुजलं होतं, हातांचा रंग मातकट झाला होता. चाळीस वर्षं त्या हातांनी शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवली होती. "आई, तिला जेवू दे," तो एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर कुमुदने वीणाला हकिकत सांगितली. वीणापासून ती काही लपवत नसे. वीणाने बराच वेळ ओठांची हालचाल केली, मग म्हणाली, "मा...माला दे. मी... राहीन... पडून."

कुमुद स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

महिन्यातून एकदा दुपारी दुसऱ्यांच्या चर्चमध्ये जागा मागून मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना भरायची. त्या दिवशी ती संपल्यावर लोक चहाकडे वळले, तेव्हा कुमुद पाळकांजवळ थांबली. बळवंत आढाव पूर्वी रेल्वेत होते, निवृत्तीनंतर पाळकपण करत होते. गुडघे दुखायचे म्हणून ते बाकावरच बसून राहिले.

"पाळकसाहेब, मी खूप प्रार्थना केली. काहीच उत्तर येत नाही. परवा तर डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं."

"मग? काय आलं?"

"कुणाच्या पोटी कोण जन्मला, त्याची यादी."

आढाव मोठ्याने हसले. तिलाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं करते."

"नाही सांगणार. उद्या काही बिघडलं तर तुम्ही माझ्यावर रुसाल. आणि बिघडलं नाही तरी निर्णय माझाच राहील." ते थोडं थांबले. "हो म्हणालात, तर कशासाठी म्हणाल?"

कुमुदने विचार केला. "आईला तोंड दाखवता यावं म्हणून. मंडळीतले लोक काय म्हणतील म्हणून. दादावर प्रेम आहे हो माझं. पण आत्ता हो म्हटलं तर ते प्रेमाने नाही, धाकाने म्हटलेलं असेल."

"आणि नाही म्हणालात तर?"

"वीणासाठी." मग तिला ते पुरेसं वाटलं नाही. "आणि मला भीती वाटते. ऑपरेशनची नाही, पुढची. मी पडले तर तिला कोण उचलणार? होममध्ये तिला पडूनच राहावं लागेल, आणि ती कधी तक्रारसुद्धा करणार नाही."

"भीती वाटणं म्हणजे पाप नव्हे, कुमुदताई. प्रभूने स्वतःला दिलं, ते आपल्या मर्जीने. कुणी हात पिरगाळून घेतलं नाही. तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, मुलीला विचारलंत, माझ्याशी बोललात, प्रार्थना केलीत. आणखी कुठल्या खुणेची वाट बघताय? देवाने डोकं दिलंय, ते वापरलं तर त्याला राग येत नाही."

"दवाखान्यातली मुलगी म्हणाली, अनफिट म्हणून सांगू. कुणाला कळणार नाही."

आढाव गुडघ्यावर तळवा फिरवत राहिले. "पण ते खोटं होईल," कुमुद स्वतःच म्हणाली.

दोन दिवसांनी ऑफिस सुटल्यावर ती करोल बागेत गेली आणि विश्वासला खाली बोलावून घेतलं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांसमोरून दोघं हळूहळू चालत राहिली. तो दर थोड्या अंतरावर थांबून श्वास घेत होता. कोपऱ्यावरच्या बाकावर दोघं बसली.

"दादा, मी किडनी देणार नाही."

त्याने मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिला. समोर एक मेकॅनिक हॉर्न वाजवून बघत होता, पुन्हा पुन्हा.

"का, ते सांगते..."

"नको. कळतं मला. तुझ्या पोरीला उचलताना मी पाहिलंय तुला." मग तो चिडला. आवाज चढवण्याचं बळ नव्हतं, त्यामुळे शब्द नुसते फुटून बाहेर आले. "पण कुमे, डॉक्टरकडून कळवायचं होतंस ना, यार. तू फिट नाहीस म्हणून. तसं सांगतात ते. मग मी आजारावर चिडलो असतो. आता कुणावर चिडू?"

खोटं बोलून सुटायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. खरं ऐकणाऱ्यावर काय ओझं पडेल, याचा विचार राहून गेला होता.

"माझ्यावर चीड," ती म्हणाली.

तो उठला आणि एकटाच घराकडे गेला.

आईने तिच्याशी बोलणं टाकलं. फोन केला तर वहिनी घ्यायची, "आई झोपल्यात" म्हणायची. वहिनीला स्वतःला साखरेचा आजार होता, तिची किडनी घेता येण्यासारखी नव्हती. कुमुदच्या नकाराने तीही दुखावली होती, पण तिने तसं कधी बोलून दाखवलं नाही. मृत दात्याची किडनी मिळावी म्हणून विश्वासचं नाव प्रतीक्षायादीत लागलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं.

पहिल्या शनिवारी कुमुद दवाखान्यात जाऊन उभी राहिली. शनिवारी ऑफिसला सुट्टी असे, आणि वीणाजवळ दुपारपर्यंत बाई थांबायची.

"वहिनी, तुम्ही घरी जा. शनिवारी मी येत जाईन."

विश्वास भिंतीकडे तोंड करून पडला होता. चार तास तो एक शब्द बोलला नाही. पुढच्या शनिवारी बोलला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कुमुद स्टुलावर बसून राहायची. मळमळलं की भांडं धरायची, पाय वळले की दाबायची. मशीन एका लयीत घरघरत असे. कधी तिचा बसल्या बसल्या डोळा लागे. आठवडाभराचा शीण तिथे त्या स्टुलावर येऊन बसायचा. आपण बरोबर केलं का, हा प्रश्न दर शनिवारी तिला पडायचा. बरोबर केलं असतं तर मनाला शांती मिळाली असती, असं तिला वाटे. शांती अशी मिळाली नव्हती. पण हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिला एकदाही वाटलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा एकदा विश्वासने अचानक मनगट पुढे केलं. "हात लाव इथे."

डायलिसिससाठी त्याच्या मनगटाच्या वर दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. कुमुदने बोटं टेकवली. कातडीखाली सारखी थरथर चालू होती, झोपलेल्या मांजरासारखी.

"अच्छा वाटतं ना? रात्री मी ऐकत बसतो," तो म्हणाला. "वीणा कशी आहे?"

त्यानंतर ती दोघं बोलू लागली. नगरच्या मिशन कंपाउंडातल्या चिंचांबद्दल, वडिलांच्या सायकलीबद्दल, दवाखान्यातल्या पांचट चहाबद्दल. एकदा वीणालाही तिने टॅक्सीने आणलं. उजव्या हातात सुया असल्यामुळे विश्वासने डाव्या हाताने तिचं चित्र काढलं. ते फारसं जमलं नाही, आणि वीणा बघून इतकी हसली की नर्स धावत आली. बाकावरचं त्या संध्याकाळचं बोलणं दोघांनी पुन्हा काढलं नाही.

यादीतून बोलावणं एकदाच आलं. विश्वासला तेव्हा ताप होता, आणि किडनी पुढच्या माणसाला गेली. तिसऱ्या हिवाळ्यात त्याच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला.

दफनाच्या वेळी आढावांनी प्रार्थना केली. आई वहिनीचा हात धरून उभी होती. कुमुदने पुढे होऊन मूठभर माती टाकली. आईने तिच्याकडे पाहिलं नाही.

उन्हाळ्यात सुहासिनीवहिनी नगरला भावाकडे राहायला गेली. करोल बागेतली जागा भाड्याची होती, ती सोडावी लागली. आईला द्वारकेला आणण्यावाचून मार्ग नव्हता. ती आली, वीणाच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर निजू लागली. मीठ हवं असलं तरी वीणाला सांगायची, "तुझ्या आईला म्हणावं, मीठ दे." वीणा अडखळत निरोप पोचवायची. कुमुद मीठ द्यायची. असे कित्येक महिने गेले.

एका शनिवारी नेहमीप्रमाणे ऑफिसला सुट्टी होती. कुमुदने सकाळी वीणाला आंघोळ घातली, आईचे कपडे धुतले, स्वयंपाक उरकला, आणि दुपारी पलंगावर आडवी झाली. डोळे मिटले, पण झोप येत नव्हती. अंग ठणकत होतं. पलीकडे वीणा टीव्हीवर गाणी लावून बसली होती.

काठी टेकत कुणी आत आल्याचा आवाज झाला. पडद्याच्या कड्या सरकल्या आणि डोळ्यांवरचं ऊन गेलं.

"वीणा, आवाज कमी कर," दारातून आईचा दबका आवाज आला. "माझी मुलगी दमलीय. झोपू दे तिला."

गाणी बंद झाली. कुमुदने डोळे उघडले नाहीत.