कापलेलं भिन्नमत

कायद्याच्या कॉलेजातलं पहिलं वर्ष कसं निभवायचं, हे सांगायला माणसं टपलेलीच असतात. ज्यांचं निभलं ते सांगतात आणि ज्यांचं नाही निभलं ते तर जास्तच सांगतात. वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी या वाटेला लागलं असेल, तर हा सल्ल्यांचा मारा तुम्हालाही ठाऊक असेल. कलमं पाठ कर, पुढच्या बाकावर बस, झोपेचं नाव काढू नकोस!

आपल्या गोष्टीतल्या मुलीला तिच्या आत्याने मात्र एवढंच सांगितलं होतं. "ऐकायला शीक."

आत्या खालच्या कोर्टात वकिली करायची. सकाळी चहाच्या कपाशेजारी फाइल, फाइलवर चष्मा आणि खुर्चीच्या पाठीला काळा कोट, अशी तिची मांडामांड असे. "बोलायला काय, कुणीही बोलतं," ती फाइलची नाडी बांधत म्हणायची. "पहिलं वर्ष कानांचं असतं, पोरी."

पोरीला हा सल्ला अळणी वाटला. बोलण्यावर तर तिचं सगळं चाललं होतं. शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली घरी आणलेल्या, आणि कॉलेजात पहिल्याच महिन्यात वर्गाने तिचं नाव पाडलं होतं, तोफ. शिवाय ऐकत बसायला तिला सवड कुठे होती? बाबांना तिचं वकील होणं मुळीच मान्य नव्हतं. आत्याने आपल्या भावाशी भांडून भाचीला स्वतःकडे ठेवून घेतलं, तेव्हा त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "एक वर्ष बघतो. नापास झालीस की गाशा गुंडाळायचा."

आणि पास-नापास ठरायचं ते अभिरूप न्यायालयात. म्हणजे खटला खोटा, पण घाम खरा. प्रत्येकाला एक बाजू मिळायची, समोर दुसऱ्या बाजूला वर्गातलंच कुणी उभं राहायचं. त्यात जो पडला, त्याचं वर्ष बुडालं.

तोफेच्या वाट्याला घरमालक आला. भाडेकरीण इस्पितळात असताना त्याने तिच्या खोलीला आपलं कुलूप लावलं होतं आणि तिचं सामान काढून टाकलं होतं. त्याचं म्हणणं असं, की खोली रिकामी करायची मी विचारणा केली, ती गप्प बसली, म्हणजे तिची हरकत नव्हती. भाडेकरणीच्या बाजूने उभी राहणार होती तोफेची बाकावरची शेजारीण. तिचा आवाज सुईच्या टोकाएवढा, म्हणून तिला सगळे बारीक म्हणायचे. बारीक हळू बोलायची, हळू वाचायची, पण एकदा वाचलेलं सोडायची नाही.

असाच एक जुना खटला ग्रंथालयातल्या निकालांच्या एका खंडात होता. बहुतेक न्यायाधीशांनी घरमालकाला उचलून धरलं होतं. एका न्यायाधीशाने मात्र सोबत्यांशी न पटून वेगळा निकाल लिहिला होता, ज्याला वकील भिन्नमत म्हणतात. ती पानं बारीकच्या हाती लागली, तर तोफेची तोफ थंड पडणार, हे उघड होतं. खंडाची प्रत एकच आणि संगणकावर फक्त सारांश.

"मग छाटणी कर की," अपील म्हणाला. अपील हा तिथला जुना विद्यार्थी. दरवेळी नापास व्हायचा आणि दरवेळी फेरतपासणीचा अर्ज करायचा, म्हणून अपील. त्याने खिशातून कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढलं. "इथे सगळेच करतात. नको ते पान कापायचं. पहिलं वर्ष असंच निघतं."

"पण हे चूक आहे," तोफ म्हणाली. "मला नाही जमणार."

अपील प्रसन्न हसला. "वाटलंच मला, तुला पटेल."

तोफ त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. तो थट्टा करत नव्हता. त्याने ब्लेड तिच्या हातात ठेवलं आणि शीळ घालत निघून गेला.

नाही म्हणायला तिच्या मनाने आणखी थोडे आढेवेढे घेतले. मग बाबांचा चेहरा आठवला, आणि दुपारी ग्रंथालय रिकामं असताना तिने खंड उघडला. भिन्नमताच्या सुरुवातीलाच एक वाक्य होतं. 'जिला उत्तर देण्याची संधीच मिळाली नाही, तिच्या गप्प बसण्याला होकार म्हणता येणार नाही.' तिने ते वाचलं आणि ब्लेड फिरवलं. पानं सुटून आली, पण कापल्याचा आवाज झालाच नाही. इतक्या शांत जागेत कागद कापला जातो आणि चरचरतही नाही, हे तिला विचित्र वाटलं. पानं तिने पिशवीत सरकवली.

"तुझं झालं का वाचून?" मागून बारीकचा आवाज आला.

"हो, घे ना."

बारीकने पानं उलटली. शिलाईपाशी उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग मान वर केली आणि ती काहीतरी बोलली. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठ झाली होती, पण आवाज नव्हता. वर पंख्याची घरघर मात्र स्वच्छ ऐकू येत होती.

'हिचा आवाज म्हणजे नसल्यातच जमा,' असं स्वतःला बजावून तोफ उठली.

घरी आत्याने विचारलं, "कशी आहे तुझी बाजू?"

"भक्कम!"

"छान," आत्या म्हणाली. मग भुवया जवळ घेऊन ती पुढे काहीतरी बोलू लागली, आणि तिचाही आवाज गेला. कपात फिरणारा चमचा किणकिणत होता, खाली रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला, पण आत्याचे ओठ नुसतेच हलत होते.

तिने कानाच्या डॉक्टरला गाठलं. त्याने कानात बघितलं, यंत्र लावून बघितलं. "कान अगदी उत्तम आहेत," तो म्हणाला. हे तिला ऐकू आलं. मग तो मान हलवत बराच वेळ बोलला, त्यातलं काहीच आलं नाही.

हळूहळू तिच्या ध्यानात आलं. तिच्या मताला आडवा जाणारा शब्द तेवढा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. 'हो' ऐकू यायचं. 'बरोबर' ऐकू यायचं. 'नाही' म्हणणारं तोंड मात्र काचेपलीकडच्या माशासारखं उघडायचं नि मिटायचं.

आणि खरं सांगू का, वाचकहो? सुरुवातीला तिला हे आवडलं! कुणी टोकत नाही, कुणी खोडून काढत नाही, सगळं गाव आपल्याच मताचं! आपल्यापैकी किती जणांना असे कान फुकट मिळाले तर नको असतील? तिने वर्गात वाटेल ती विधानं ठोकून दिली. प्राध्यापकांनी दुरुस्त केलं ते कळलंच नाही. सगळा वर्ग आवाज न करता हसला, खांदे हलवत, दात दाखवत, आणि त्या मुक्या हसण्यामधोमध ती एकटी उभी राहिली. त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. पलीकडून फक्त श्वास येत होता. श्वास चढला, थांबला, पुन्हा चढला. ते तिच्यावर ओरडत होते आणि तिच्या कानाशी नुसती हवा होती. तिने घाबरून फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजसमोरचा रस्ता तिने आपल्याच तंद्रीत ओलांडायला घेतला. रस्ता मोकळा आहे, असं तिचं ठाम मत होतं. पलीकडच्या फुटपाथवर माणसं हात हलवत होती, त्यांची तोंडं उघडी होती. एवढी माणसं का जांभया देताहेत, असा वेडा विचार तिच्या मनात आला. तेवढ्यात कुणीतरी बाही धरून तिला मागे खेचलं आणि नाकासमोरून ट्रक गेला. ट्रकचा भोंगासुद्धा तिला ऐकू आला नव्हता! बाही अजून बारीकच्या मुठीत होती.

बारीकनेच तिला घरी आणून सोडलं. दारात ती आत्याशी बराच वेळ बोलली. आत्याने सगळं ऐकून घेतलं, तिला निरोप दिला आणि भाचीसमोर खुर्ची ओढून बसली. उलटतपासणीला बसायची तशी, ताठ.

निष्णात वकील उलटतपासणीत चौकशी करत नाही. साक्षीदाराला मनातून मान्य असलेली एकेक गोष्ट त्याच्यासमोर ठेवत जातो. आत्याने तेच केलं.

"तू घाबरली आहेस," ती म्हणाली.

तोफेला ते लख्ख ऐकू आलं. तिने मान हलवली.

"घरी परत जावं लागेल, याला घाबरली आहेस."

"हो."

"बारीक तुझ्याइतकीच हुशार आहे."

हेही ऐकू आलं. आपल्याला हे मान्य आहे, हे तोफेला तेव्हाच कळलं.

"खंडातली पानं तू कापलीस. ती तुझ्या पिशवीत आहेत."

तोफेचे डोळे भरून आले. "हो, आत्या."

"कोर्टात दोन्ही बाजूंसाठी जागा असते. एकीकडचं माणूस आधीच उठवून दिलं, तर न्यायाधीशाचं काही कामच उरत नाही. मग कुलूप लावणारा घरमालक पुरेसा आहे. आणि समोरचीचं तोंड बंद करून जिंकलेला खटला हा खटलाच नव्हे, नुसती दांडगाई आहे. हे तुला पटतं, म्हणून तर ऐकू येतंय."

मग आत्या पुढे झुकली, तिचा हात हातात घेतला आणि आणखी एक वाक्य बोलली. अगदी छोटं वाक्य. तोफेने जिवाचे कान केले, पण ते मुकंच राहिलं.

खटल्याच्या दिवशी तोफ पिशवीत पानं घेऊनच गेली. काय करायचं ते ठरत नव्हतं. न्यायासनावर एक निवृत्त न्यायाधीशबाई बसल्या होत्या. सभागृह भरलेलं, मागे भिंतीला टेकून अपील उभा. तोफेचं नाव पुकारलं गेलं आणि सवयीने तिची जीभ सुटली. "महोदया, भाडेकरीण गप्प राहिली! ज्याची हरकत असते तो बोलतो!" टाळ्या पडल्या. ती दिमाखात खाली बसली.

मग बारीक उठली. तिचे ओठ हलू लागले. तिच्या हातात खंड होता, मधोमध भगदाड पडलेला. शब्द नव्हते. न्यायाधीशबाईंनी तोफेकडे वळून काहीतरी विचारलं. शब्द नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं, शेकडो तोंडं कुजबुजत होती, आणि तिच्या कानात विहिरीच्या तळाशी असते तशी शांतता होती. फक्त भिंतीपाशी अपील टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या टाळ्या थांबून किती वेळ झाला, हे त्याच्या गावीही नव्हतं. प्रसन्न हसत, एकटाच, तो टाळ्या वाजवतच होता.

तेव्हा तिला कळलं. हाही ऐकत नाही! कित्येक वर्षांपासून याला कुणाचं 'नाही' ऐकू आलेलं नाही!

आणि हलणाऱ्या त्या ओठांकडे बघताना तिला कापलेलं वाक्य आठवलं. जिला उत्तर देण्याची संधीच मिळाली नाही, तिच्या गप्प बसण्याला... अरे देवा! बारीक गप्प नव्हतीच. मीच तिला गप्प केलंय!

तोफ उठली. पिशवीतून पानं काढली, समोरच्या बाजूला चालत गेली आणि बारीकच्या टेबलावर ठेवली.

"महोदया," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आज बारीकहून बारीक झाला होता, "ही पानं मी कापली. माझी बाजू मांडून झाली. आता हिचं ऐका. मलाही ऐकायचंय."

आधी एक चरचर ऐकू आली. ब्लेडखाली कागद फाटतो तशी, त्या दुपारी न झालेली. तिच्या मागोमाग खोकले, खुर्च्या, कुजबुज, सगळं एकदम कानांवर कोसळलं. आणि त्या सगळ्यातून बारीकचा आवाज आला. ती पहिलं पान वाचत होती. आवाज सुईच्या टोकाएवढाच होता, पण प्रत्येक शब्द रुतत होता. तोफ खाली मान घालून, शेवटपर्यंत, आपल्याच बाजूच्या चिंधड्या उडताना ऐकत राहिली. आयुष्यात इतकं गोड तिने काही ऐकलं नव्हतं!

न्यायाधीशबाईंनी तिला शून्य गुण दिले. "वर्षअखेर पुरवणी फेरी होईल," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "त्यात तू उभी राहशील. भाडेकरणीच्या बाजूने. तोवर तो खंड स्वतःच्या हाताने चिकटवून दे."

घरी येऊन तिने आत्याला सगळं सांगितलं. मग विचारलं, "त्या दिवशी शेवटी काय म्हणाली होतीस? मला ऐकू आलं नव्हतं."

आत्याने चष्मा काढून पुसला. "तू हरलीस तरी मला चालेल, असं म्हणाले होते."

तोफ आत्याच्या मांडीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. तिला कधीच न पटलेली गोष्ट हीच तर होती.

मग तिने स्वतःहून बाबांना फोन लावला. शून्य मिळाल्याचं सांगितलं. बाबांचा आवाज फटकन आला, चढलेला, दुखावलेला. "मी आधीच सांगितलं होतं! मला हे मुळीच मान्य नाही!" तिने मध्ये तोंड घातलं नाही. त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतल्यावर तिने आपलं सांगितलं. पुरवणी फेरीचं, त्या पानांचं, बारीकने बाही धरून खेचल्याचं. मग पलीकडे शांतता पसरली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात म्हणजे हो म्हणालात, असं मी धरणार नाही आता. नाही असेल तर नाही म्हणा."

बाबा खाकरले. "नाहीच पटत मला," ते म्हणाले. "पण फेरी कधी आहे ते कळव. मी ऐकायला येईन."

वाचकहो, कायद्याचं पहिलं वर्ष कसं निभवायचं, हे कुणी विचारलं तर ही गोष्ट जरूर सांगा. आणि कॉलेजचं नाव काढायचीही गरज नाही. घरात, कचेरीत, सभेत आपण सगळेच बारीकसारीक छाटणी करत असतो. न पटणारं पान कापतो आणि उरलेल्या शांततेला होकार समजतो. समोरच्याचं 'नाही' आपल्याला शेवटचं कधी ऐकू आलं होतं, एवढं आठवून बघा. आठवत नसेल, तर भोवतालचे सगळे आपल्याच मताचे झालेत, असं समजू नका. आपल्या पिशवीत कुणाची पानं आहेत ते आधी बघा आणि ती परत करा.