पिवळं कार्ड

माझा भाऊ हिंमतराव गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवतो. त्याच्या ओट्यावर बसायचं म्हणजे आधी भिंतीकडे पाठ करावी लागते, कारण ती भिंत त्याने तीस वर्षांत थुंकून थुंकून कत्थई केली आहे. मी एकसष्ट वर्षांची, मोताळा तालुक्यात उभी हयात नर्स म्हणून काढलेली बाई. पू पाहिला, जखमेतले किडे पाहिले, बाळंतपणं किती केली त्याचा तर हिशेबच नाही. कशानेच कधी पोटात ढवळलं नाही. ढवळतं ते या भिंतीने, आणि गेल्या महिन्यापासून भिंतीच्या मालकाने.

त्याची मुलगी संजीवनी त्रिनिदादला असते. कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे ते. तिचा नवरा अविनाश तिथे गॅसच्या कंपनीत इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी संजीवनीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. पोरगी तिकडे दवाखान्यात एकटी, आणि आई इकडे फोनला कान लावून. ही आई म्हणजे माझी भावजय अन्नपूर्णा. तेव्हापासून तिने एकच धरलं होतं, पुढच्या खेपेला मी पोरीच्या उशाशी असणार. आता संजीवनीला आठवा लागला होता. अविनाशने सासू-सासऱ्यांची तीन महिन्यांसाठी तिकिटं काढली, वाटेतल्या विमानतळासाठी लागणारा व्हिसा केला, विमा उतरवला, आणि काय करायचं, काय नाही याची यादी संजीवनीने मला पाठवली. मी ती ओट्यावर बसून वाचून दाखवली.

पासपोर्ट आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवायचं. कुठे राहणार तो पत्ता पाठ करायचा. बियाणं, माती, रोप, ओलं फळ काही आणायचं नाही. विमानतळावर विचारतील तेव्हा खरं सांगायचं. डास फार आहेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यायचे. अंधार पडल्यावर एकट्याने फिरायचं नाही, दागिने घालून मिरवायचं नाही.

"खर्रा चालन का?" हिंमतरावाने विचारलं.

मुलीच्या बाळंतपणाला निघालेला बाप. पहिला प्रश्न हा.

शेवटी होतं पिवळ्या तापाचं इंजेक्शन. हा ताप डासाने होतो. आपल्या देशात तो नाही, पण त्या बेटावर त्याची भीती आहे. म्हणून तिथून परत येताना आपलेच अधिकारी मुंबईत टोचल्याचं पिवळं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवतात. टोचल्यापासून दहा दिवस गेले की मगच ते कार्ड लागू होतं. मी नागपूरच्या सरकारी केंद्रात दोघांची नावं नोंदवायला घेतली आणि सवयीने विचारून बसले, "कशाची ॲलर्जी नाही ना? ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून विचारते."

झालं. हिंमतराव उठून उभाच राहिला.

"अंड्यात? अक्का, आपल्या घरात आजपर्यंत अंडं आलं नाही, अन् तू मले ते अंगात घालाले सांगून राह्यली?"

"अरे, खायचं नाही. टोचायचं आहे."

"तेच तं! खाल्लेलं निंघून तरी जाते."

मी त्याला समजावून सांगितलं, रागावून सांगितलं, हात जोडून सांगितलं. तो पिचकारी मारायला वळला आणि पुन्हा पावित्र्यावर बोलायला लागला. मला खरं कारण माहीत होतं. हा माणूस सुईला भितो. कोरोनात गावाने रांगा लावल्या, हा मळ्यात जाऊन लपला, आणि पुढे कोणाकडून तरी लस घेतल्याचं खोटं सर्टिफिकेट मिळवून आला. मला कळलं होतं. भाऊ म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही शिसारी येते.

आठ दिवसांनी त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं. हातात दोन पिवळी कार्डं. नाव, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. कोण्या एजंटाने घरपोच दिली म्हणे.

"पाह्य. ना सुई, ना अंडं. तू उगीच नागपूर नागपूर करून राह्यली होती."

मी कार्डं पाहिली. दोन्हींवर एकच तारीख होती, आणि त्या तारखेला अन्नपूर्णा माझ्यासोबत मोताळ्याच्या बाजारात वांगी निवडत होती. जन्मभर मी लहान लेकरांच्या कार्डांवर सह्या केल्या. एकेका सहीसाठी उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घातल्या, आयांच्या शिव्या खाल्ल्या. आणि हा माझ्यासमोर ते खोटं कार्ड पंख्यासारखं हलवून वारा घेत होता.

अन्नपूर्णा दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, मला विचारलं.

"अक्का, ह्या कार्डानं मी पोरीपावतर पोचते ना?"

कोरोनात एकदा गप्प बसले होते, आता बसणार नव्हते. "जाताना कदाचित कोणी पाहणारही नाही," मी म्हणाले. "पण खोटा कागद घेऊन निघालीस आणि वाटेत कोणी धरलं, तर दोघंही अडकाल. आणि तिकडे डास चावला, तर हा कागद तुला वाचवणार नाही."

"आली मोठी शहाणी," हिंमतराव मला म्हणाला आणि बायकोकडे वळला. "तू जाऊन राह्यली काऊन मंग? नको जाऊ. घरी रहाय."

अन्नपूर्णा आत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पिशवी घेऊन माझ्या दारात हजर. आत पासपोर्ट, चटणी-पोळी आणि पाण्याची बाटली. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाते, असं घरी सांगून आली होती. तिच्या तोंडून निघालेलं हे माझ्या माहितीतलं पहिलं खोटं. मलकापूरहून गाडी धरली. शेगाव स्टेशन आलं तेव्हा तिने खिडकीतूनच हात जोडले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. बहुतेक माफी मागितली असावी.

नागपूरला रांगेत बसल्यावर तिने मला हळूच विचारलं, "अक्का, खरंच अंडं असते का हो त्याच्यात?"

नाही म्हणणं सोपं होतं. ती सोळाव्या वर्षापासून माळकरी. लग्नाच्या जेवणात कांदासुद्धा बाजूला काढणारी बाई. हिंमतरावाचं सोवळं जिभेपुरतं, हिचं हाडापर्यंत गेलेलं. मी म्हणाले, "अंड्यात वाढवतात. खरं आहे ते."

मग तिने गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. दंडावरची बाही वर केली. सुई टोचली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, आणि चेहऱ्यावर अशी किळस होती की नर्स म्हणाली, "मावशी, मळमळतं का?" तिने नाही म्हणून मान हलवली. अर्धा तास बसवून ठेवलं, मग कार्ड दिलं. खरं, तिच्या नावाचं, ओल्या शिक्क्याचं.

"माळ घालू का आता परत?" तिने विचारलं.

"घाल," मी म्हणाले. "तुझ्याइतका हक्क कोणाचा नाही."

गावात आलो तर हिंमतराव ओट्यावरच होता. गावातल्या कोणीतरी आम्हाला नागपूर स्टेशनात पाहून त्याला फोनवर कळवलं होतं. शेजारपाजारचे चार डोळे खिडक्यांना लागलेले.

"अंगात अंडं घालून आली अन् माह्या देवाच्या घरात शिरून राह्यली? पाय ठेवू नको."

अन्नपूर्णा पायरीवर थांबली. रडली नाही, भांडली नाही. मला म्हणाली, "अक्का, आत माही बॅग भरेल हाये. तेवढी आनून द्या. बाळाची दुपटी त्यातच हायेत."

मी आत गेले. देवघरात दिवा लागला नव्हता, आणि त्याच्याच उंबऱ्याशी ताज्या थुंकीचा लाल डाग होता. देवासमोर थुंकणाऱ्याला अंड्याचा विटाळ! बॅग घेतली, फळीवरचं तिच्या नावाचं खोटं कार्ड फाडलं आणि बाहेर आले. हिंमतरावाने स्वतःचं कार्ड खिशात जपून ठेवलं होतं. तो तेच घेऊन तिच्यासोबत विमानात बसणार होता. तो धरला गेला तर तिलाही अडकवणार, आणि पोरगी पुन्हा एकटी. याच विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

अन्नपूर्णा माझ्याकडे राहिली. चौथ्या दिवशी दुपारी हिंमतरावाचा फोन आला. ती भाकरी थापत होती, म्हणून तिलाही ऐकू यावं असा मी फोनचा स्पीकर लावला.

"अक्का, हाटेलचं खाऊन माहं पोट बिघडलं. तिले सांग, दोन भाकरी अन् वांग्याची भाजी बांधून दे. मी शेजारच्या गोपालले पाठवतो."

घरात पाय ठेवू न दिलेल्या बाईच्या हातची भाकरी! मी तोंड उघडलं, आणि जे बोलणार होते ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. अन्नपूर्णाने पिठाचा हात वर करून मला थांबवलं. फोनजवळ आली.

"मी अविनाशशी बोलली," ती म्हणाली. "तुमचं तिकीट कालच रद्द केलं. मी एकटी जाते."

मग तो म्हणाला, "अवं, पन मंग तीन महिने मले भाकरी कोन..."

तिने पिठाच्या बोटाने फोन बंद केला, आणि तव्यावरची भाकरी उलटली.