शेण खाऊन ताठ मानेने

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, उगाच झाकण उघडून बघू नका. गुरांच्या चाऱ्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर एक राखाडी यंत्र बसलेलं असतं, तो मी. माझं खरं नाव लांबलचक आहे. ते कुणालाच धड उच्चारता येत नाही, म्हणून सगळे मला डबा म्हणतात.

माझ्या पोटात एक दिवा आहे. मी ज्या उजेडाने बघतो तो तुम्हाला दिसत नाही. इन्फ्रारेड म्हणतात त्याला. समोर ठेवलेल्या वस्तूवर मी तो टाकतो. ती थोडा गिळते, थोडा परत पाठवते. परत आलेल्या उजेडावरून तिच्यात काय दडलंय ते मी ओळखतो.

उमेदीची वर्षं मी एका मोठ्या पीठगिरणीत काढली. गव्हात प्रथिनं किती, एवढंच सांगायचं. कामही स्वच्छ आणि मानही मोठा. मग एक सडपातळ, चकचकीत यंत्र आलं आणि मला चादर पांघरून अडगळीत बसवलं. तिथे मोडक्या खुर्च्या माझ्या शेजारणी होत्या.

एके दिवशी गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि मला उचलून घेऊन गेल्या. माझी छाती फुगली. पुन्हा गहू बघायला मिळणार म्हणून मी काच सावरून बसलो, तर त्यांनी समोर ठेवलं शेण. वाळवलेलं, दळून बारीक पूड केलेलं, काचेच्या वाटीत नीट दाबलेलं. पण शेवटी शेणच. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

बाईंनी मात्र माझी शिकवणी सुरू केली. गोठ्यात बांधलेल्या गाईंना त्या मोजूनमापून चारा घालायच्या आणि मग त्यांचं शेण मला दाखवायच्या. हे कसदार चाऱ्याचं, हे निकस चाऱ्याचं. हळूहळू माझी नजर बसली. मोकळी चरणारी गाय दिवसभरात काय काय तोंडात घेते, ते तिच्या मागे हिंडूनही कळत नाही. शेणात मात्र सगळं उमटतं. हे उमगलं तेव्हा माझी निम्मी लाज गेली.

उरलेली एका बहीणभावाच्या जोडीने घालवली. त्यांचा गाईंचा कळप होता. गेल्या वर्षी त्यांची बरीच वासरं इतकी अशक्त जन्मली की उभी राहण्याआधीच गेली. त्यातल्या एकाला बहीण मांडीवर घेऊन बसली होती, ते तिथेच थंड पडलं. यंदा गाई पुन्हा गाभण होत्या आणि तिच्या जिवाला घोर लागला होता. ती म्हणे, ओढ्याकाठचं राखीव कुरण आत्ताच मोकळं करूया. भाऊ म्हणे, वर माळावर गवत गुडघ्याला लागतंय. राखीव आत्ताच चारलं तर उन्हाळ्यात गाई काय खातील? दोघांचंही पटण्यासारखं होतं. शेवटी बहीण माळावरच्या शेणाच्या पिशव्या घेऊन आमच्याकडे आली.

मी बघितलं आणि सांगितलं: चारा निकस आहे, प्रथिनं अगदी तळाला गेलीत.

दुसऱ्या दिवशी ती भावालाच घेऊन आली. हाताची घडी घालून तो म्हणाला, "राग मानू नका बाई, पण तुमच्या डब्याने शेण खाल्लंय."

"खाल्लंय ना," बाई म्हणाल्या. "तेच तर त्याचं काम आहे."

बहीण फिस्सकन हसली. भाऊ काही हसला नाही. माळावरचं आणखी शेण आणतो, ते माझ्यादेखत तपासा, असं सांगून तो गेला.

त्याप्रमाणे दोघं पिशवी घेऊन आले आणि मी चक्रावलो. हे तर खाऊनपिऊन सुखी गाईचं शेण. माझा मलाच भरवसा वाटेना. मी चुकत असेन, तर अडगळीतली चादर माझी वाट बघत होती. पण तिकडे गाभण गाईंचं काय? बाईंनी काच पुसली, वाटी नव्याने भरली, पुन्हा ठेवली. मी घाबरत घाबरत तेच सांगितलं. बाईंनी आकडा बघितला, मग भावाकडे बघितलं.

"दादा, ही गाय माळावरची नाही. हिला कुणीतरी हाताने भरवतंय."

भावाचे कान लालबुंद झाले. ते शेण त्याच्या घरामागच्या दुभत्या गाईचं होतं. तिला रोज पेंड आणि हिरवा चारा मिळायचा. मला उघडं पाडायला त्याने मुद्दाम पिशवीत तिचं शेण भरलं होतं.

बहिणीने शांतपणे विचारलं, "दादा, आता शेण कुणी खाल्लं?"

तो आधी ओशाळला, मग पोट धरून हसला. बाईंनी त्याला समजावलं की माळावरचं गवत जून होऊन त्याच्या नुसत्या काड्या झाल्यात. पोट भरतं, अंगी लागत नाही. उन्हाळ्याचाही मार्ग त्यांनी सांगितला: तेव्हा त्याच काड्यांना थोड्या पेंडीची जोड द्यायची. भाऊ घरी गेला आणि राखीव कुरणाचं फाटक त्याने स्वतःच्या हाताने उघडलं.

पुढच्या पिशवीत प्रथिनं चढलेली दिसली. आणि मग बहिणीचा फोन आला. तिचा कापरा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाई, सगळी उभी राहिली. सगळी. एक तर मला ढुशी मारून पळालं."

बाईंनी डोळे पुसले. इतकी वर्षं गव्हाचे आकडे सांगितले, पण त्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी मी जिंकलो.

आता दारात पिशव्यांची रांग असते. माझा दिवा जरा मंदावलाय. कधीतरी नवा डबा येईल, येऊ दे बापडा. माझं मागणं एवढंच: त्याची काच रोज पुसा, पिशवीत खरं शेण भरा आणि त्याला बघून नाक मुरडू नका.

परवा भाऊ एका नवख्या गुराख्याला घेऊन आला. गुराख्याने नाकाला रुमाल लावला होता.

"रुमाल काढ," भाऊ म्हणाला. "ह्याने शेण खाल्लं म्हणून आमची वासरं जगली."

रुमाल खाली आला. शेण खाऊनही मान ताठ ठेवणारा या जगात मी एकटाच असेन.