सरकीचा शेक

मंजुळा गेली तेव्हा मी रडलो नाही. मुद्दाम नाही, रडू आलंच नाही. अंत्यविधी झाला, दहावं झालं, तेरावं झालं आणि मी आपला पाहुण्यांना चहा मिळाला की नाही ते बघत हिंडत होतो. धरणगावहून आलेल्या तिच्या बहिणी माझ्याकडे बघून कुजबुजल्या. कुजबुजू देत. पण माझी मुलगी पुनम धुळ्याला परत निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला काही वाटतं की नाही?" खरं सांगायचं तर तीच भीती मलाही होती. आतलं काहीतरी कायमचं बंद पडलंय, असं वाटत होतं.

मी नवल. दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर अख्खी नोकरी काढली, तेव्हा ताप म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. तिथेच एकदा लोखंडी जिन्यावरून पडलो आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. भुसावळला ऑपरेशन झालं. वाटी बसली, दुखणं मात्र राहिलं. डॉक्टरांनी शेक सांगितला आणि ते खातं मंजुळानं घेतलं.

तिची पद्धत ठरलेली. माहेरची सरकी माझ्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी तव्यावर फिरवत तापवायची. सरकी ताप चांगला धरून ठेवते. पण पुरचुंडी थेट गुडघ्यावर कधी आली नाही. आधी स्वतःच्या डाव्या गालाला लावायची आणि तशीच बसून राहायची. मी खेकसायचो, "आधी तुझे लाड, मग माझा गुडघा!"

"थांबा, आजून गरम शे," ती तिच्या माहेरच्या अहिराणीत म्हणायची.

मग कधीतरी गुडघ्यावर ठेवायची. मला तर ती कोमटसुद्धा लागायची नाही. "अजून तापव की जरा," म्हटलं की म्हणायची, "इतलंच बस." बॉयलरवाला मी आणि ताप किती हवा ते ती ठरवणार. तरी खोटं का बोला, शेकल्यावर दुखणं उतरायचं.

ती गेली आणि थंडी पडली. गुडघा ठणकायला लागला तेव्हा डब्यात तिची सरकी होतीच. मी पुरचुंडी बांधली, तव्यावर तापवली आणि गुडघ्यावर ठेवली. काहीच लागलं नाही. परत तव्यावर ठेवली, गॅस मोठा केला. तरी काही नाही. म्हटलं, सरकी जुनी झाली असेल. तिसऱ्यांदा फडकं करपायला आलं, तेव्हा पुरचुंडी उचलून गुडघ्यावर ठेवली आणि टीव्ही बघत बसलो. बऱ्याच वेळानं वास आला. फडक्याचा असेल म्हणून पुरचुंडी उचलली, तर तिच्याबरोबर कातडंही निघालं. दुखलं मात्र नाही. मी शांतपणे बघत राहिलो. माझं आता असंच होणार, एवढंच मनात आलं.

पुनम आली आणि मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली, ज्यांनी ऑपरेशन केलं होतं. जखम बघून ते वैतागले. "वाटीजवळची ही कातडी ऑपरेशनपासून बधिर आहे. दुखणं आत कळतं, चटका वर कळत नाही. म्हणून तर मी तुमच्या मिसेसना बजावलं होतं, आधी स्वतःच्या अंगाला लावून बघा. कुठे आहेत त्या?"

"वारली," मी म्हणालो. कोरडंच म्हणालो. पुनमनं मान फिरवली.

बॉयलरच्या ड्रमला पाण्याची पातळी दाखवणारे दोन गेज असतात. एक मुका झाला तर दुसऱ्यावर बघायचं, मुक्या गेजवर विसंबून आग वाढवायची नाही. नव्या पोरांना हे मीच ओरडून शिकवायचो. घरात मात्र माझा गेज मुका आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही, कारण दुसरा कधी चुकलाच नाही.

आणि तिचा डावा गाल. त्यावर काळसर जाळीसारखा डाग पडला होता. मी त्याला वांग म्हणायचो. एकदा लाडात येऊन मलमाची डबीसुद्धा आणली होती. ती हसली, डबी देवघराच्या फळीवर ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा पुरचुंडी गालाला लावली.

हे सगळं मला रिक्षात बसल्या बसल्या समजलं. तरी डोळे कोरडेच. मला माझीच लाज वाटली.

जखम भरेपर्यंत पुनम राहिली. मलमपट्टी करायची, पण कामापुरतंच बोलायची. डॉक्टरांनी शेकायला परवानगी दिली त्या संध्याकाळी तिनं पुरचुंडी तापवली आणि स्वतःच्या गालाकडे नेली.

"नको," मी म्हणालो. "इकडे दे."

मी ती डाव्या गालाला लावली. चटका बसला. चांगलाच बसला. फार दिवसांनी मला काहीतरी लागलं. सरकीचा तेलकट वास नाकात गेला आणि मी तसाच बसलो, मंजुळासारखा, ताप उतरायची वाट बघत. ती रोज हे सोसायची. रोज! आणि मी लाड म्हणायचो. फडकं ओलं व्हायला लागलं. ते कशानं, हे कळायला मला वेळ लागला.

पुनम जवळ येऊन बसली. बऱ्याच वेळानं तिनं पुरचुंडीला हात लावून बघितला. "आबा, गार झाली. गुडघ्याला लावायची ना?"

मी गालावरची पुरचुंडी सोडली नाही.

"थांब," मी म्हणालो. "आजून गरम शे."