मी वीरासामींचं रीळ सोडलं

मित्रांनो, मी जुनी आहे, एका बाजूने कुरतडलेली आहे आणि खरं सांगायचं तर अपराधीही आहे. मला रिळाची बैठक म्हणतात. मासे धरायच्या लांब काठीला खालच्या अंगाला मी असते. माझ्यावर रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, ठेवायचं आणि आटे पाडलेली कडी फिरवून ते आवळायचं. मोठा मासा ओढू लागला की काठी माणूस धरतो, पण रीळ मी धरते. निदान धरायला हवं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या नायकर अंकलच्या अंगणातलं पत्र्याचं शेड. नायकर अंकल तिथे बसून काठ्या बांधायचे. एके दिवशी कोगिला नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. तिचे वडील वीरासामी साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांची साठी जवळ आली होती. त्यांच्यापाशी त्यांच्या वडिलांचं रीळ होतं, ताटाएवढं लाकडी चाक. त्या रिळाला शोभेल अशी काठी कोगिलाला भेट द्यायची होती.

नायकर अंकलनी तिच्यापुढे तीन बैठका मांडल्या. एक ग्राफाइटची, काळी ठिक्कर. दुसरी जाड ॲल्युमिनियमची, कडक राखाडी थर चढवलेली. आणि तिसरी मी. माझं अंग उघड्या ॲल्युमिनियमचं, घासून आरशासारखं केलेलं, आणि वर पोलादी कडी.

"बाळ, ही काळी घे," अंकल म्हणाले. "दोन धातू एकमेकांना चिकटलेले दिसले की खारं पाणी त्यातल्या मऊ धातूला खात सुटतं. ही चकचकीत तळ्याकाठी चालेल. समुद्राचं काम नाही हिचं."

"पण अंकल, साठीची भेट आहे! ही काळी म्हणजे सायकलची मूठ वाटते. अप्पांनी चार लोकांना दाखवायला नको का?"

"तुझे अप्पा मासे धरायला जाणार आहेत की लग्नाला?"

कोगिला हसली, पण तिची नजर माझ्यावरच होती. त्या वेळी मी काय केलं असेल? दारातून येणाऱ्या उन्हात जमेल तितकी चमकले. आपण समुद्रात टिकणार नाही हे अंकलच्या तोंडून मी नुकतंच ऐकलं होतं. तरी मला निवडलं जायचं होतं.

तिने माझ्यावर 'अप्पांना, कोगिला' असं कोरून घेतलं. अंकलनी हात टेकले आणि एकच अट घातली. दर खेपेनंतर कडी सैल करायची, रीळ काढायचं, मला गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं.

वीरासामींनी ती अट दोन वर्षं पाळली. इसिपिंगोच्या समुद्रकाठच्या खडकांवर ते उभे राहिले की त्यांचे सोबती चिडवायचे, "वीरा, लेकीनं काठी दिली की दागिना?" ते म्हणायचे, "तुला कुणी दिला नाही ना? मग जळ!" पिशवी शॅड माशांनी भरून ते घरी यायचे, आणि त्यांची बायको अलमेलू चिंचेचं कालवण चढवेपर्यंत नळाखाली मला अंघोळ घालायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग कावडीचा उत्सव आला. कोगिला मध्यंतरी फार आजारी होती, तेव्हा अलमेलूने नवस बोलला होता. त्या संध्याकाळी दिवा लागला की दहा दिवसांचं व्रत सुरू होणार होतं. घरात मासा नाही, माशाचा वासही नाही. वीरासामींना खडकांवरून परतायला नेमका उशीर झाला.

"अहो, थांबा तिथंच!" अलमेलू दारातून ओरडली. "दिवा लावायची वेळ झाली. ते माशाचं लटांबर आत आणू नका."

"नुसतं पाणी मारतो गं काठीवर."

"नळाशी देवाची भांडी मांडलीयत मी. दहा दिवस हात नाही लावला तर मासे काय गाव सोडून जाणारेत?"

त्यांनी काठी ओलीच रिळासकट कापडी पिशवीत घातली आणि गॅरेजमध्ये उभी करून ठेवली. त्यात चूक कुणाची होती? लेकीसाठीच तर व्रत होतं. मी मात्र दहा दिवस त्या ओल्या पिशवीत होते, आणि माझ्या कडीखाली मीठ हळूहळू मला खात होतं. मला ते कळत होतं.

अकराव्या दिवशी त्यांनी कडी फिरवून पाहिली. ती हलेना. कडीखाली साचलेल्या पांढऱ्या भुकटीने ती जाम झाली होती. पण वीरासामी खूश झाले. "वा! काय घट्ट धरलंय लेकीच्या भेटीनं!" असं म्हणून त्यांनी मला थोपटलं. तेव्हापासून ते रीळ काढेनासे झाले, वरून फक्त पाणी मारायचे. मित्रांनो, मला शरम वाटते ती याची. मी आतून संपत होते आणि ती शाबासकी मी घेतली.

जूनमध्ये त्यांच्या गळाला गॅरिक मासा लागला, चांगला कमरेएवढा. पहिल्याच हिसक्याला माझे आटे भुगा होऊन सुटले आणि कडी निखळली. रीळ उसळलं, काठीवर दोरी ओवायच्या पहिल्या वळ्यावर आपटलं, दोरी तुटली, आणि त्यांच्या वडिलांचं रीळ खडकांवरून घरंगळत लाटेत गेलं. वीरासामी गुडघाभर पाण्यात उतरून तासभर चाचपत राहिले.

तिथून ते तडक नायकर अंकलकडे गेले. अंकलनी मला कापून काठीवरून काढलं आणि माझ्यातली पांढरी भुकटी तळहातावर ओतून दाखवली.

"पोरीला सांग वीरा. मी तिला बजावलं होतं."

"म्हणून तर सांगायचं नाही," वीरासामी म्हणाले. "तिच्या भेटीपायी माझ्या बापाचं रीळ गेलं, हे तिला आयुष्यभर खात राहील. काठी तुझ्याकडेच राहू दे." मला त्यांनी खिशात घातलं. माझ्यावर तिचं नाव होतं ना!

घरी कोगिला बसली होती. त्यांच्या खिशातून मी सगळं ऐकलं.

"काठी कुठंय अप्पा?"

"लाट आली गं. माझ्याच हातून निसटलं सगळं. काठी गेली, रीळ गेलं."

कोगिलाने त्यांच्या गुडघ्यापर्यंत ओल्या कपड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "अप्पा, तुमच्या हातात आता जोर राहिला नाही. आज काठी गेली, उद्या तुम्ही जाल. त्या खडकांवर आता जायचं नाही. माझी शपथ आहे."

"बरं," वीरासामी म्हणाले. त्यांची मूठ खिशात माझ्याभोवती आवळलेली होती. त्या मुठीत किती जोर आहे ते फक्त मला कळत होतं.

याला तीन वर्षं झाली. वीरासामी खडकांवर गेले नाहीत. दर रविवारी कोगिला बाजारातून शॅड आणते, आणि ते "ताजा आहे हो," म्हणून मुकाट जेवतात. मला त्यांनी ज्या डब्यात लपवून ठेवलंय, त्यातून मी ऐकते. मी चमकले नसते, तर आज ते समुद्रावर असते.

मित्रांनो, खाऱ्या पाण्यात वापरायची वस्तू निवडताना तिची चमक बघू नका. ती वापरलीत की सैल करा, उघडा, आतून धुवा. आणि तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस कधी म्हणालं, "माझ्याच हातून निसटलं," तर त्याच्या हाताला दोष देण्याआधी, त्या हातात काय दिलं होतं ते एकदा बघा.