तोंडी परीक्षेआधीची नाडी

१९४६ साली सांगलीच्या कॉलेजात इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला एकतीस मुलगे आणि तीन मुली होत्या. दोन मिनिटे न थांबता बोलायचे, नाहीतर नापास. मागच्या खेपेला चारुशीला वीस सेकंदांतच गप्प झाली होती. मुलींनाच अशी धडकी भरते, असे तिला वाटे. आज दाराबाहेर तिने नाडी मोजली: एकशे अठरा.

शेजारी दहिवडीचा मानसिंग उभा होता, तालमीतला पैलवान.

“आवं, माजं काळीज लय उडतंय. मोजायचं कसं?”

तिने दाखवले तशी त्याने आपल्या मनगटावर बोटे ठेवली, तिने घड्याळ धरले. एकशे बत्तीस!

“कुस्तीला नाही घाबरत तुम्ही?”

“तितं विंग्रजी बोलावं लागत न्हाई!”

ती खुदकन हसली. तेवढ्यात तिचे नाव पुकारले गेले.

ती दोन मिनिटे चौदा सेकंद बोलली.