एकोणतीस मार्क

"सार, एवढंच सांगा, आमची नावं साहेबांकडे कुणी दिली?" नारायणस्वामीनं बाकावर हात आपटला.

व्यासराजनं वहीतून मान वर केली. "मला काय ठाऊक? साहेब स्वतः कँटीनमध्ये आले होते. हिंदीच्या तासाला तुम्हा नऊ जणांना तिथं कॉफी पीत बसलेलं त्यांनी पाहिलं."

"आणि वर्गात तुम्ही एकटे! तुमच्या घरचीच भाषा. बसवतं तुम्हाला."

घरची भाषा! व्यासराजला ओरडावंसं वाटलं. त्याचं घराणं तंजावरचं. घरात मराठी, तीही जुनी आणि तमिळनं भरलेली; लिहिणं मात्र तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत. देवनागरी अक्षरं तो चव्वेचाळिसाव्या वर्षी ह्याच वर्गात शिकला होता. मद्रासच्या ह्या केंद्र सरकारी कचेरीत त्रेसष्ट साली हिंदीचा तास सक्तीचा होता. पंचेचाळीस झालेल्यांना माफी होती. व्यासराजला चार महिने कमी पडले.

तेवढ्यात राममूर्ती पंडित परीक्षेचे तपासलेले पेपर घेऊन आले. ते मदुरेचे. हिंदी पुस्तकातून शिकलेले, आणि म्हणूनच फार कडक.

"व्यासराज, नारायणस्वामी, उभे राहा. दोघांची सात वाक्यं अक्षरशः सारखी, आणि सातही चूक. 'मज पाणी पाहिजे.' ही हिंदी?"

नारायणस्वामीनं नजर बाकाकडे वळवली. परीक्षेत त्यानं आपल्याच पेपरात डोकावून उतरवलं, हे व्यासराजला आत्ता कळलं.

"पंडितजी, शब्द आठवेनात. हाताला येईल ते लिहिलं."

"मराठी माणसाला हिंदी येत नाही? कुणाला सांगता! मुद्दाम थट्टा केलीत, आणि ह्यालाही करायला लावलीत. मी वर कळवणार."

वर्ग म्हणत होता हिंदीवाला, पंडित म्हणत होते हिंदीद्वेष्टा. एकाच दुपारी दोन्ही. माणसानं उत्तर तरी कुणाला द्यायचं?

संध्याकाळी मांबळमच्या घरी त्यानं शून्य मिळालेला पेपर चटईवर टाकला. बायकोनं, अलमेलूनं, तो उचलला. "काय लिहिलांत? वाचा की."

"मज पाणी पाहिजे. आई घरीं नाही. तूं कुठें गेला होतास?"

"बरोबरच आहे की हो! कशाला शून्य?"

"हिंदीत लिहायचं होतं, अलमेलू!"

तिनं कागद दिव्याजवळ धरला. लाल रेघांखालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "आपलं बोलणं लिहिलं की असं दिसतें?"

व्यासराजचा राग तिथंच अडखळला. त्याच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंटनी दोन टाइप केलेले कागद पुढे केले. "माफीनामा आहे. सही करा, विषय संपला."

नारायणस्वामीनं सही केली. व्यासराजनं कागद वाचून परत सरकवला.

"मी नक्कल केली नाही, थट्टाही नाही. माझा पेपर पुन्हा घ्या. एकट्याचा."

"सार, एन्न, काय हे? एका सहीचा प्रश्न!" नारायणस्वामी कानाशी कुजबुजला.

"तुझ्यासाठी," व्यासराज म्हणाला.

पुन्हा पेपर झाला. तो लिहीत असताना दोन तास राममूर्ती समोर बसून होते. मग त्यांनी तिथंच तो तपासला. पेपरात एकही मराठी वाक्य नव्हतं, पण अर्धी क्रियापदं चुकली होती.

"एकोणतीस," ते हळू म्हणाले. "पासाला तेहतीस लागतात. खरंच येत नाही हो तुम्हाला."

"तेच सांगत होतो."

पंडितजींनी पेनाचं टोपण काढलं. "चार मार्क कुठं तरी देता येतील."

"नको. एकोणतीसच राहू देत."

माफीनाम्यावर सही केलेल्या नारायणस्वामीला जुन्याच पेपरावर पस्तीस देऊन सोडलं. व्यासराजची पंचेचाळिशी आली आणि गेली. एकदा वर्गात नाव लागलेल्याला माफी नाही, असं कचेरीतून उत्तर मिळालं.

जुलैत नवा वर्ग भरला. सगळी नव्यानं लागलेली, विशी-बाविशीची पोरं. व्यासराज दारात दिसताच ती बाकं वाजवत उठली आणि त्यांनी हात जोडले. "नमस्ते, गुरुजी!"

व्यासराजनं हातानंच त्यांना बसायची खूण केली, आणि मधल्या वाटेनं चालत जाऊन तो शेवटच्या बाकावर बसला.